वाचनालयाच्या संगणकावर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर: अनबाउंडचा आठ महिन्यांचा अनुभव

कातळवाट (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात बारा संगणक आहेत आणि त्या सर्वांना मिळून इंटरनेटची एकच जोडणी आहे. गेल्या उन्हाळ्यापासून संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात, म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले येतात नेमक्या त्याच वेळात, संकेतस्थळे उघडेनाशी झाली. ‘नेट स्लो आहे’ अशी सर्वांचीच तक्रार होती. मात्र शेजारी बसून पाहिल्यावर वेगळेच लक्षात आले. पत्ता टाकल्यावर काही वेळ काहीच घडत नसे, आणि एकदा पान येऊ लागले की चित्रांसकट झरकन येई. जोडणी मंद असती, तर पान लगेच येऊ लागले असते आणि मग रखडले असते. हातातील घड्याळ लावून पाहिले, तेव्हा तो खोळंबा बहुतेक वेळा पाच सेकंदांचा निघाला.

हा पाचाचा आकडा महत्त्वाचा ठरला. आमचे सर्व संगणक लिनक्सवर चालतात, आणि लिनक्समध्ये एखाद्या नावाचा अंकी पत्ता विचारल्यावर उत्तर आले नाही, तर पाच सेकंद वाट पाहून मगच पुढच्या सर्व्हरला विचारले जाते, ही मुळातली नेमणूक (डीफॉल्ट सेटिंग) आहे. याचा अर्थ, पुरवठादाराचा नावावरून अंकी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, म्हणजे डीएनएस रिझॉल्व्हर, गर्दीच्या वेळी पहिला प्रश्न गिळून टाकत होता. खात्री करण्यासाठी एका अंकी पत्त्याला थेट पिंग केले, म्हणजे हाक देऊन उत्तराची वेळ मोजली, तर संध्याकाळी सात वाजतासुद्धा चाळीस मिलिसेकंदांत उत्तर येत होते आणि एकही पॅकेट गळत नव्हते. रस्ता मोकळा होता, फक्त पत्ता सांगणारा माणूस जागेवर नव्हता.

पुरवठादाराकडे तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असे सांगून ती बंद करण्यात आली. त्यानंतर दोन मार्ग उरले होते. राउटरमध्ये ८.८.८.८ (गूगल) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) असा एखाद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरचा पत्ता घालून मोकळे होणे हा पहिला मार्ग, आणि आपलाच रिझॉल्व्हर उभा करणे हा दुसरा. पहिला मार्ग दोन मिनिटांचा आहे आणि तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बारा संगणकांवरील मुले काय काय वाचतात त्याची संपूर्ण यादी कायमची एकाच कंपनीच्या हवाली करणे मला पटेना. शिवाय एकावरचे अवलंबून राहणे सोडून दुसऱ्यावर अवलंबून राहायचे, तर मूळ प्रश्न तसाच राहतो.

म्हणून अडगळीतील २ जीबी रॅमचा जुना संगणक काढला, त्यावर डेबियन हे लिनक्स घातले आणि अनबाउंड हे रिझॉल्व्हरचे सॉफ्टवेअर बसवले. नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्ज ही संस्था ते तयार करते आणि त्याची पहिली आवृत्ती २००८ साली आली. राउटरमध्ये बहुधा जे डीएनएसमास्क असते, ते आलेला प्रश्न वरच्या सर्व्हरकडे ढकलते आणि मिळालेले उत्तर जवळ ठेवते. अनबाउंडला वरच्या सर्व्हरची गरजच नसते. ते थेट मुळापासून विचारत येते, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार तेच आहे.

‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे नाव घ्या. अनबाउंड प्रथम रूट, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीच्या, सर्व्हरांपैकी एकाला विचारते की ‘इन’ कोणाकडे आहे. ही रूट सर्व्हरांची नावे ‘ए’ पासून ‘एम’ पर्यंत तेरा आहेत आणि ती बारा संस्था चालवतात, पण एकाच पत्त्यावर जगभर अनेक यंत्रे उत्तर देत असल्यामुळे आपला प्रश्न बहुधा जवळच्या यंत्राकडे जातो. रूट ‘इन’च्या सर्व्हरांचे पत्ते देते, ते सर्व्हर ‘गव्ह डॉट इन’कडे बोट दाखवतात आणि शेवटी हवा तो अंकी पत्ता हाती येतो. ही पायरीपायरीची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्यापूर्वी जगातील सर्व यंत्रांची नावे एकाच फाइलीत असत आणि प्रत्येकाला ती उतरवून घ्यावी लागे. आजही आपल्या संगणकावर ‘होस्ट्स’ नावाची जी फाइल असते, ती त्याच पद्धतीची खूण आहे.

पहिल्यांदा विचारलेल्या नावाला आमच्याकडे साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. तेच नाव दुसऱ्या मुलाने विचारले, की ‘डिग’ हा नावे विचारून पाहण्याचा आदेश शून्य मिलिसेकंद दाखवतो, कारण उत्तर शेजारच्या खोलीतूनच येते. एकाच परीक्षेच्या संकेतस्थळावर एकाच वेळी दहा मुले असतात, त्यामुळे या साठवणीचा वाचनालयासारख्या जागी फार उपयोग होतो.

बसवताना दोन ठिकाणी मी अडखळलो. अनबाउंड मुळात फक्त स्वतःच्याच संगणकाचे प्रश्न ऐकते, म्हणून त्याच्या सेटिंगच्या फाइलीतील ‘इंटरफेस’ या ओळीत त्याचा घरगुती पत्ता, आमच्याकडे १९२.१६८.१.५, द्यावा लागला. तेवढे केल्यावरही बाकीच्या संगणकांना ‘रिफ्यूज्ड’ असेच उत्तर मिळत राहिले, कारण ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल’ या ओळीत आपल्या नेटवर्कला वेगळी परवानगी द्यावी लागते. ही परवानगी देताना आळसाने साऱ्या जगाला दार उघडू नये. कोणाचेही प्रश्न स्वीकारणारे असे मोकाट रिझॉल्व्हर इतरांवर मारा करण्यासाठी वापरले जातात, कारण लहानशा प्रश्नाला मोठे उत्तर येते आणि प्रश्नावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. मार्च २०१३ मध्ये नको असलेली पत्रे पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर झालेला मोठा हल्ला याच पद्धतीचा होता.

आठ महिन्यांत सेवा एकदाच पूर्ण कोलमडली, आणि खरे म्हणजे तेवढ्याचसाठी मी हा धागा काढला आहे. रात्रभर वीज नव्हती. सकाळी संगणक चालू केला तर अनबाउंड सुरू होते, जोडणी सुरू होती, पण कोणतेही नाव विचारले तरी ‘सर्व्हफेल’, म्हणजे ‘सर्व्हरला उत्तर देता आले नाही’, एवढेच उत्तर येत होते. दोन तास मी केबली आणि राउटर तपासत बसलो. मग ‘डिग’ला ‘सीडी’ हा पर्याय जोडून विचारले, म्हणजे उत्तरांवरील डिजिटल सह्यांची तपासणी न करता उत्तर दे असे सांगितले, आणि उत्तर तत्काळ आले! याचा अर्थ शोधण्यात दोष नव्हता, पडताळणीत होता. पडताळणीच्या नोंदी किती तपशिलात हव्यात हे ठरवणारे ‘व्हॅल-लॉग-लेव्हल’ दोनवर नेले, तेव्हा सहीची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही अशा अर्थाची ओळ दिसली. मी कोपऱ्यातील घड्याळाकडे पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१२.

मदरबोर्डवरील बॅटरी संपली होती. डीएनएसच्या उत्तरांवर ज्या सह्या असतात, त्यांना डीएनएसेक म्हणतात, आणि रूटवर त्या जुलै २०१० पासून आहेत. प्रत्येक सहीला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक २०१२ मध्ये असेल, तर आजची प्रत्येक सही त्याच्या दृष्टीने भविष्यातील ठरते आणि तो ती नाकारतो. पेच असा की घड्याळ बरोबर करण्यासाठी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधावे लागते आणि ते नावही त्याच पडताळणीत अडकते. शेवटी तारीख हाताने घातली, सीआर २०३२ ही बॅटरी बदलली, आणि ‘डोमेन-इनसिक्युअर’ या ओळीत ‘एनटीपी डॉट ऑर्ग’ लिहून ठेवले, जेणेकरून तेवढ्या एका नावाच्या सह्या तपासल्या जाणार नाहीत. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावे. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत तर बॅटरीवर चालणारे घड्याळच नसते.

आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

ओलीशाई

लेख अतिशय उपयुक्त आहे. मी उबुंटू या लिनक्सवर हेच करू पाहत आहे, परंतु अनबाउंड सुरूच होत नाही. ५३ क्रमांकाचे पोर्ट (डीएनएसच्या प्रश्नांसाठी ठरलेले दार) आधीच कोणीतरी घेतले आहे असा संदेश येतो. मी ‘इंटरफेस’मध्ये ०.०.०.० लिहिले आहे. शोध घेता ते पोर्ट ‘सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड’ या उबुंटूच्याच नावे शोधणाऱ्या सेवेने धरलेले दिसते. ते काढून टाकावे काय?

कातळवाट

काढून टाकू नका, कारण मधल्या काळात आपल्या संगणकाला कोणतेच नाव सापडणार नाही आणि दुरुस्तीसाठी काही उतरवून घ्यायचे म्हटले तरी अडचण होईल. उबुंटूमधील ती सेवा १२७.०.०.५३ या पत्त्यावर बसलेली असते. आपण ०.०.०.० लिहिले, म्हणजे ‘संगणकाचे सर्व पत्ते मला द्या’ असे अनबाउंडला सांगितले, आणि त्यात तोही पत्ता आला. त्याऐवजी १२७.०.०.१ आणि आपला घरगुती पत्ता असे दोनच पत्ते वेगवेगळ्या ओळींत लिहिले, तर दोघे शेजारी शेजारी सुखाने राहतात. त्यानंतर ‘रिझॉल्व्ह्ड’च्या फाइलीत डीएनएस म्हणून १२७.०.०.१ द्यावे. प्रत्येक बदलानंतर सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘अनबाउंड-चेककॉन्फ’ चालवण्याची सवय ठेवा, कारण चुकलेली ओळ ते क्रमांकासह दाखवते.

आणखी एक सांगावेसे वाटते. राउटरमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात आणि ‘असू द्यावा सोबतीला’ म्हणून दुसऱ्यात अनेकजण एखादा सार्वजनिक पत्ता भरतात. असे केल्यास काही प्रश्न इकडे आणि काही तिकडे जाऊ लागतात, आणि बिघाड झाला तरी तो धड दिसत नाही. माझ्या घड्याळाचा दोष दोन तासांत सापडला, याचे कारण दुसरा रकाना रिकामा होता. तो भरलेला असता, तर ‘कधी चालते, कधी चालत नाही’ एवढ्यावर कित्येक दिवस गेले असते.

दीपमाळ

आपल्या परिश्रमांबद्दल आदर बाळगून एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. मुलांची यादी एका कंपनीच्या हाती जाऊ नये, हे आपले कारण रास्त आहे. परंतु अनबाउंड मुळापासून विचारते तेव्हा ते सारे प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टावरून उघड्या अक्षरांत जातात. म्हणजे पुरवठादाराचा सर्व्हर आपण वापरत नसलात, तरी आपल्या तारेवरून जाणारे प्रत्येक नाव त्याला वाचता येतेच. शिवाय शेवटच्या टप्प्यावरील प्रत्येक सर्व्हरला वाचनालयाचा स्वतःचा आयपी (अंकी) पत्ता दिसतो, जो सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरल्यास बहुधा झाकला जातो. गोपनीयता हाच हेतू असेल, तर ८५३ क्रमांकाच्या पोर्टावरून टीएलएसच्या, म्हणजे मजकूर सांकेतिक करणाऱ्या, आवरणात प्रश्न पाठवणे अधिक सयुक्तिक नाही काय? ही पद्धत २०१६ पासून प्रमाणित आहे आणि अनबाउंडला ती येते.

कातळवाट

आपला आक्षेप योग्य आहे आणि माझ्या लेखात ही बाजू यायला हवी होती. मुळापासून विचारण्याने आपले प्रश्न गुप्त होत नाहीत, ते फक्त विखुरले जातात. प्रश्न शक्य तितका त्रोटक ठेवण्याची सोय मात्र आहे. पूर्वी रूट सर्व्हरलाही पूर्ण नाव सांगितले जाई. आता रूटला फक्त ‘इन’बद्दल आणि ‘इन’च्या सर्व्हरला फक्त ‘गव्ह डॉट इन’बद्दल विचारले जाते. म्हणजे ज्याला जेवढे ठाऊक असणे आवश्यक आहे, तेवढेच त्याला कळते. अनबाउंडमध्ये ही सोय आता मुळातच चालू असते. रूटला तर फारच कमी विचारावे लागते, कारण ‘इन’ कोणाकडे आहे हे उत्तर दोन दिवस टिकणारे असते आणि अनबाउंड आपल्या मुळातल्या नेमणुकीप्रमाणे ते एक दिवस जवळ ठेवते.

तरीही तारेवर कान ठेवणाऱ्यापासून बचाव हवा असेल, तर आपण म्हणता तोच मार्ग आहे. त्यात सर्वांचे प्रश्न पुन्हा एका कंपनीकडे एकवटतात. कोणावर अधिक विश्वास टाकायचा, हे ज्याने त्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवायचे आहे. वाचनालयासाठी मी विखुरलेले प्रश्न पसंत केले.

घडवंची

एका सहकारी संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळते. आमच्यासाठी ही आवडीनिवडीची बाब नाही. नको असलेली पत्रे ओळखण्यासाठी मेल सर्व्हर प्रत्येक पाठवणाऱ्याचा पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत डीएनएसमार्फतच तपासतो. हा प्रश्न मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत गेला, तर विचारणारा नेमका कोण हे त्या संस्थेला कळत नाही, आणि मग यादीतील खरे उत्तर न मिळता १२७.२५५.२५५.२५४ असे एक ठरावीक उत्तर परत येते. आमच्याकडे पूर्वी कोणीतरी सर्व्हरवर सार्वजनिक पत्ता घालून ठेवला होता, आणि आमच्या फिल्टरने त्या उत्तराचा अर्थ ‘हा पाठवणारा यादीत आहे’ असा घेतला. एका रात्रीत सभासदांची चांगली पत्रे परत जाऊ लागली. त्याच यंत्रावर अनबाउंड बसवून त्याला फक्त १२७.०.०.१ वर ऐकायला लावले आणि तेव्हापासून ही अडचण आलेली नाही.

सड्यावरचा

आमच्याकडे पावसाळ्यात जोडणी दिवसातून दहा वेळा तुटते आणि जुळते. अशा ठिकाणी साठवणीचा काळ वाढवून ठेवला, तर उपयोग होईल काय? ‘कॅश-मिन-टीटीएल’ एक दिवसाचा करावा असा माझा विचार आहे.

कातळवाट

तसे करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरे मानायचे ही मुदत, म्हणजे टीटीएल, नावाचा मालकच ठरवून देतो. मोठी संकेतस्थळे ती मुद्दाम अर्ध्या-एक मिनिटाची ठेवतात, म्हणजे एक यंत्र बंद पडले तर लोकांना लगेच दुसऱ्याकडे वळवता येते. आपण ती बळेच एक दिवसाची केली, तर ते संकेतस्थळ सर्वांसाठी सुरू असेल आणि आपल्यासाठी दिवसभर बंद राहील.

आपल्याला हवे आहे ते ‘सर्व्ह-एक्स्पायर्ड’मध्ये आहे. त्यात मुदत संपलेले उत्तर फेकून न देता बाजूला ठेवले जाते आणि गरजेला तेच देऊन मागाहून ताजे उत्तर आणले जाते. आधी ताज्यासाठी प्रयत्न करावा आणि काही वेळात ते आले नाही तरच शिळे द्यावे, अशीही नेमणूक करता येते, आणि मला तीच अधिक सुरक्षित वाटते. त्याच्या जोडीला ‘प्रीफेच’ चालू करावे. एखाद्या नावाच्या मुदतीचा शेवटचा दहावा हिस्सा उरला असताना कोणी ते विचारले, तर अनबाउंड साठवलेले उत्तर देऊन टाकते आणि त्याच वेळी नवे उत्तर आणून ठेवते. यामुळे वाहतूक साधारण दहा टक्के वाढते, परंतु नेहमीची नावे सतत ताजी राहतात. जोडणी तुटलेली असताना पान अर्थातच येणार नाही. पण ती जुळताक्षणी सर्व संगणकांवरून जो प्रश्नांचा लोंढा येतो, त्यातील बरेच प्रश्न घरातच मिटतात.

ओलीशाई

आपण सांगितल्याप्रमाणे दोन पत्ते लिहिले आणि सेवा सुरू झाली, आभारी आहे. दोन उपप्रश्न आहेत. प्रिंटरला ‘छपाई डॉट लोकल’ असे नाव दिले, तर ते काही संगणकांवर सापडते आणि काहींवर नाही. आणि ‘डॉट भारत’ची देवनागरी नावे अनबाउंडला समजतात काय?

घडवंची

‘लोकल’ हे शेपूट २०१३ पासून वेगळ्या कामासाठी राखून ठेवलेले आहे. ते दिसले की अनेक संगणक रिझॉल्व्हरला न विचारता शेजारच्या यंत्रांनाच हाक मारतात. घरगुती नावांसाठी ‘होम डॉट अर्पा’ हे शेपूट अधिकृतपणे राखलेले आहे. ‘लोकल-डेटा’ या ओळीत त्याखाली प्रिंटरचे नाव आणि पत्ता लिहावा.

देवनागरी नावांसाठी वेगळे काहीच करावे लागत नाही. हिंदी, मराठी, कोकणी अशा भाषांसाठीचे ‘डॉट भारत’ २०१४ साली नोंदणीला खुले झाले, पण तारेवरून ते देवनागरीत जात नाही. ब्राउझर आधीच त्याचे रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात रूपांतर करतो आणि अनबाउंडला तेवढेच दिसते. नोंदवहीत ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे विचित्र नाव दिसले, तर घाबरू नये.

सड्यावरचा

काल रविवारी सर्व बसवले. मात्र आमच्याकडे एक निराळीच गोष्ट घडत आहे. अनबाउंड मुळापासून विचारू लागले की बहुतेक नावांना ‘सर्व्हफेल’ येते. घड्याळ दोनदा तपासले, ते अचूक आहे.

दीपमाळ

आपल्या जोडणीवर मधेच कोणी ५३ क्रमांकाचे प्रश्न अडवून स्वतःच उत्तरे देत आहे काय, हे पाहावे. त्याची एक सोपी कसोटी आहे. १९२.०.२.१ हा पत्ता केवळ दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखलेला आहे, तेथे कोणताही सर्व्हर नाही. ‘डिग’ने त्या पत्त्याला कोणतेही नाव विचारावे. काही वेळाने ‘उत्तर नाही’ असे आले, तर रस्ता स्वच्छ आहे. उत्तर आले, तर ते कोणीतरी वाटेत तयार केलेले आहे. असा मध्यस्थ ‘इन कोणाकडे आहे’ या प्रश्नाला पुढच्या पायरीचा पत्ता देण्याऐवजी भलतेच उत्तर देतो, सह्या गाळतो, आणि मग अनबाउंडची पडताळणी फसते.

सड्यावरचा

विचारून पाहिले. जेथे सर्व्हरच नाही, त्या पत्त्यावरून १२ मिलिसेकंदांत उत्तर आले.

कातळवाट

मग आपल्या बाबतीत दीपमाळ यांचाच मार्ग योग्य आहे आणि मी तो विनासंकोच सुचवतो. ‘फॉरवर्ड-झोन’मध्ये नाव म्हणून केवळ एक टिंब द्यावे, म्हणजे सर्व नावे त्यात येतात. ‘फॉरवर्ड-टीएलएस-अपस्ट्रीम’ चालू करावे, आणि पत्ता लिहिताना आयपीनंतर ८५३ व त्यापुढे हॅशचे चिन्ह देऊन त्या सर्व्हरचे नाव अवश्य लिहावे. हे नाव गाळले, तरी आवरण राहते आणि सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते, परंतु पलीकडे खरोखर तोच सर्व्हर आहे की नाही हे तपासले जात नाही. आपल्या वाटेवर मध्यस्थ आहे हे सिद्ध झालेले असताना ही तपासणी वगळता कामा नये. ‘टीएलएस-सर्ट-बंडल’ची ओळही लागेल. डेबियनमध्ये प्रमाणपत्रांची ती फाइल ‘एसएसएल’च्या ‘सर्ट्स’ फोल्डरमध्ये असते.

सड्यावरचा

पहाटे वीज आल्यावर बदल केले. आता ‘डिग’च्या उत्तरात ‘एडी’ हे चिन्ह दिसते, म्हणजे सह्या पडताळल्या जात आहेत असे मी समजतो. ‘सर्व्हफेल’ बंद झाले आहे. पहिल्या प्रश्नाला ९० मिलिसेकंद आणि दुसऱ्याला शून्य लागतात. बॅटरी अजून जुनीच आहे, ती बाजाराच्या दिवशी आणतो.